नितेशच्या वाटेने एक दिवस: नारायण पेठ, धायरी, कोंढवा

मंगळवार, एकादशी, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. मी खोलीवर हातमोजे मापानुसार वेगळे करत होतो. आमच्या एजन्सीच्या मॅडमचा फोन आला. नितेश गावी गेलाय, त्याचे पेशंट आज मी करायचे. शेवटी म्हणाल्या, कोंढव्याच्या आजींच्या पायाचा अंगठा सांभाळा, मधुमेहाची जखम आहे, चिघळली तर अंगठा काढावा लागेल असं डॉक्टरांनी सांगितलंय.

नेहमीच्या वाचकांना माझी किल्ल्यांची वर्णनं माहीत आहेत. हा प्रवास माझ्या कामाचा, म्हणजे घरोघरी जाऊन रुग्णांची देखभाल करण्याचा. कोणाला एका दिवसात एवढं पुणं फिरायचं असेल तर बसचा दिवसाचा पास काढा आणि सिंहगड रोडला जायचं असेल तर पेठेतून लवकर निघा.

नितेश यवतमाळचा. आम्ही एकाच महिन्यात कामाला लागलो. शिक्षण दोघांचंही बारावीच्या अलीकडेच अडलेलं. माझा गणवेश इस्त्रीचा, नोंदी स्वच्छ. तरी पेशंट त्यालाच मागतात. तो वाईट नाही. लोकांना तो आवडतो, हे मला आवडत नाही.

नारायण पेठेत दार उघडलं ते दामलेकाकांनी.

"नितेश नाही? बरं. मग आता तुम्ही आलाच आहात तर या."

काकूंची साखर तपासून इन्सुलिन द्यायचं होतं. एकादशी लक्षात घेऊन मी साबुदाण्यावर बोलायची तयारी करून गेलो होतो. आमच्याकडे उपास म्हणजे खिचडी, आणि खिचडीने साखर चढतेच. उपास सोडा, असं मी सगळ्या पेशंटना सांगतो आणि कोणी ऐकत नाही. काकूंच्या ताटात राजगिऱ्याची भाकरी, दही आणि काकडीची कोशिंबीर होती. साखर ठीक निघाली. मी विचारलं, नितेशने उपास करू दिला का? काकू म्हणाल्या, त्याने उपासाला हात लावला नाही, उपासाला काय काय चालतं तेवढं विचारलं आणि त्यातून निवडून दिलं. मी भाषण गिळलं.

धायरीची बस भरलेली, पण खिडकी मिळाली. उतरल्यावर कोपऱ्यावरच्या गाडीवर पोहे आणि चहा, पंचेचाळीस रुपये. पोहे बरे होते, चहा फार गोड. तिथल्या पक्षाघात झालेल्या आप्पांचा व्यायाम घ्यायचा होता. आप्पांनी माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "त्यो न्हाय आला व्हय?" एवढंच म्हणाले, आणि चांगला हातही सैल सोडला.

स्वारगेटला बस बदलून कोंढव्याला पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते. हे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या भवानी पेठेतलं, कोंढव्यात अलीकडे आलेलं. सून शाहीन माझ्याहून स्वच्छ मराठी बोलते. तिने सांगितलं, अम्मी परक्या पुरुषाला पाय दाखवत नाहीत. एजन्सीत पेशंटकडे जाणारी बाई एकच, ती बाळंतपणाच्या रजेवर. मी म्हणालो, जखम मला बघावीच लागेल, तसा नियम आहे.

पडद्याआडून आवाज आला, "नितेशने कभी नहीं देखा. इसको क्यों देखना है?"

मग शाहीनने नितेशची पद्धत सांगितली. ड्रेसिंग तिला त्याने शिकवलं होतं. तो पडद्याबाहेर, खिडकीकडे तोंड करून बसायचा आणि विचारत जायचा. आत ती करत जायची.

मी त्याच खुर्चीत बसलो. समोर पाण्याची टाकी आणि वाळत घातलेली चादर. न बघता काय विचारायचं हे सुरुवातीला सुचेना. मग मी डोळ्यांनी एरवी ज्या क्रमाने बघतो, त्याच क्रमाने विचारत गेलो. रंग, पू, वास. शेवटी म्हणालो, हाताची पालथी बाजू आधी चांगल्या पायावर ठेवा, मग या पायावर.

"हा गरम आहे. ताप आलेल्या पोरासारखा."

"लाली कुठपर्यंत?"

"घोट्याकडे निघालीय."

माझ्या मनात आधी आजी आल्या नाहीत. नितेशच्या हातून सुटलं, हे आधी आलं, आणि बरं वाटलं. तेवढ्यात शाहीन म्हणाली की परवा नितेशनेही हेच विचारलं होतं, तेव्हा पाय गार होता.

मी मॅडमना फोन करून जवळपास कुठे महिला सर्जन आहेत ते विचारलं. पत्ता मिळाला. रिक्षात त्या दोघी मागे, मी चालकाशेजारी; भाडं मी दिलं. डॉक्टरबाईंनी जखम उघडून आत साचलेला पू काढला, औषधं बदलली. अंगठा राहील म्हणाल्या. आणखी दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं.

परत आल्यावर अम्मी पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलल्या. "नितेशने अच्छा लड़का भेजा."

मी सांगितलं, मला मॅडमनी पाठवलंय.

"हाँ, वही," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी खोलीवर येऊन पाय धुतले. अंगठा वाचला, आणि तो मी वाचवला. तीन दारं उघडली, आणि तिन्ही दारांत मला बघून चेहरे उतरले. दिवसातलं हेच जास्त आठवत होतं. माझ्यासाठी असं कोणी खट्टू झालेलं मला माहीत नाही.

आठ वाजता नितेशचा फोन.

"काऊन बाप्पा, कोंढव्याच्या भाऊनं मले रिक्षाचे पैसे काऊन पाठवले? मी त इथं गावात हावो."

अम्मींच्या मुलाकडे त्याचाच नंबर होता. मी झालेलं सांगितलं. तो म्हणाला, माह्या ध्यानात आलं नसतं, पैसे आता लगेच तुले पाठवतो. तो असा वागला की जास्तच राग येतो.

मी म्हणालो, मला तुझ्याकडून नको. त्यांना परत कर, आणि माझा नंबर दे.

खर्च: पास सत्तर, पोहे-चहा पंचेचाळीस, रिक्षा जाऊन-येऊन एकशे साठ. एकूण दोनशे पंच्याहत्तर.

येणे: एजन्सीकडून पासचे सत्तर. कोंढव्याहून एकशे साठ, माझ्या नावावर.