चेहऱ्यागणिक भाव

पांडेसऱ्याच्या मैदानावर पोरांच्या कबड्डीचे फोटो काढणारा फोटोग्राफर प्रिंटची किंमत फोटोतल्या चेहऱ्यांमध्ये सारखी वाटून लावायचा. नुसता हात-पाय आला तर फुकट. माझा मुलगा राखीव खेळाडू, त्यामुळे फोटोत बाकावर एकटाच सापडला.

"दादा, यात भागीदार नाय. पूर्ण पैसे पडतील."

"नुसत्या बसलेल्या पोराचे पूर्ण?" मी मुलासमोरच बोललो. ते आजही खुपतं.

त्यानं कॅमेरा माझ्या हातात दिला आणि मुलाच्या खांद्यावर हात टाकून बसला. "दाबा बटण. आता अर्धे तुमचे, अर्धे माझे."

आठवड्यानं प्रिंट आली. मुलगा मनापासून हसत होता. फोटोग्राफरचं मुंडकं मात्र मी कापलं होतं.

"माझा चेहराच नाय, दादा. पूर्ण द्या."

पहिल्यांदाच मी घासाघीस केली नाही.