दुरुस्त केलेली आई

छापखान्यात तिला सगळे कानामात्राताई म्हणायचे. प्रुफं तपासता तपासता केस पिकले, पण तिच्या नजरेतून एक चूक सुटेल तर शपथ! दुसऱ्यांची पुस्तकं निस्तरताना या बाईने गुपचूप स्वतःची कादंबरी लिहिली. आपल्या आईवर, आई बोलायची तशीच.

वर्षभरापूर्वी आई गेली. मग धीर करून ताईने पहिलं प्रकरण एका एजंटबाईंना पाठवलं. लेखकांची पुस्तकं प्रकाशकांच्या गळी उतरवणं हा त्यांचा धंदा. बोलावणं आलं, ‘पूर्ण कादंबरी घेऊन या.’ ताईला आभाळ ठेंगणं झालं. आई आता चारचौघांत जाणार, नीटनेटकी नको? तिने सगळी कादंबरी पुन्हा लिहिली, अगदी धुऊनपुसून, इस्त्री करून.

चष्म्याच्या दुकानावरची एजंटबाईंची छोटीशी खोली. पंखा घरघरत होता. एजंटबाई पानं उलटत होत्या आणि ताई पदराशी चाळा करत त्यांचा चेहरा वाचत होती. चेहरा उतरत चालला होता.

“ताई, ती कुठे गेली हो?”

“कोण?”

“तुमची आई.” एजंटबाईंनी खणातून ते पहिलं प्रकरण काढलं आणि वाचलं, “असे निघाले गं तुझे बाबा, असे निघाले! म्हटलं आता वळतील, मग वळतील. कुठलं काय! मी आपली खुळ्यासारखी दारात, हातात त्यांचा डबा.” मग त्यांनी नवं पान पुढे सरकवलं. “आणि इथे? ‘वडील मागे न पाहता निघून गेले. आई दारात उभी होती.’ अहो, डबासुद्धा काढलात?”

“पाल्हाळ वाटला,” ताई पुटपुटली.

“त्या डब्यासाठी मी रडले होते. मला जुनीच प्रत द्या. उद्याच प्रकाशकाकडे नेते.”

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. छापखान्यातली जन्माची सवय! दुरुस्त प्रत तयार झाली की जुनी फाडायची, नाहीतर चुकून तीच छापली जाते. घरीही तिने तेच केलं होतं. आईचं एकेक पान स्वतःच्या हाताने फाडलं होतं, वर हात झटकून चहा प्यायली होती.

“फाडली,” ती म्हणाली.

एजंटबाईंनी नवी पानं गोळा करून बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाल्या, “आठवून लिहाल?”

“लिहीन की,” ताई म्हणाली. ते प्रकरण तेवढं तिने मागून घेतलं.

जिन्यातच बसून ती ते मोठ्याने वाचू लागली. आई भडाभडा बोलत होती, मध्येच हसत होती, भलतीकडेच वळत होती. शेवटच्या ओळीत म्हणाली, “आणि मग काय झालं सांगू तुला?”

“सांग ना गं,” ताई म्हणाली.

पुढे काय झालं ते तिला तोंडपाठ होतं. आईने ते कसं सांगितलं होतं, ते आठवेना. तिने तीनतीनदा तोंड उघडलं. दर वेळी वाक्य शुद्ध आलं.