रेघेवर हातभर

श्री. बसप्पा आप्पा गवंडी यांची माझी पहिली ओळख भांडणात झाली. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. उर्दू शाळा अर्ध्यातच सोडून घरी आलो होतो आणि पटवाऱ्यांच्या हाताखाली नकला उतरवीत होतो. वडिलांनी वरच्या आळीत नव्या घराचा पाया खणला होता, शेजारी ज्वारी साठवायचे पेवही खणून तयार होते. त्या सकाळी आप्पा आले. एका हातात पितळेची परात, दुसऱ्या हातात घागर, खांद्यावर खुणा केलेली काठी. त्यांनी पाहून घेतले आणि म्हणाले, "पाया मागं सरकवा. पेव बुजवा."

वडील चिडले. "रेघेच्या वर चार बोटं हाय की वो आप्पा! माझ्या डोळ्यानं बघितलंय."

"असू द्या. रेघेवर हातभर पायजे."

"हा हातभर कुठल्या कायद्यातला?"

"माझ्यातला," आप्पा म्हणाले आणि परातीतले पाणी आमच्या पायाच्या चरात ओतून निघून गेले. वडिलांनी खणलेला पाया सोडला, पेव बुजवले आणि वीस पावले वर, मुरमाच्या जागेत घर बांधले. त्यानंतर वर्षभर ते आप्पांशी बोलले नाहीत.

परगावच्या वाचकांसाठी आमच्या गावाची रीत सांगतो. गाव तेरणेच्या वळणावर, माकणीच्या खालच्या अंगाला आहे. आजोबांच्या काळात थोरला पूर आला, तेव्हा पाणी जिथवर चढले होते तिथे पंचांनी महादेवाच्या पायरीच्या दगडावर टाकीने रेघ मारून ठेवली. त्या रेघेच्या पातळीखाली राहती भिंत घालायची नाही आणि पेव खणायचे नाही. गुरे बांधायची तर उघड्यावर, म्हणजे वेळेला दावे कापता येते. रेघेच्या वर बांधले तरी पहिले तीन थर दगड-चुन्याचे, त्यावर मग पांढरी माती. तहसिलीच्या कागदांत हे कुठेही लिहिलेले नाही. पण आप्पांनी 'परात लागली' म्हटल्याशिवाय पाटील होकार देत नाहीत आणि पटवारी कागद पुढे नेत नाहीत.

परात लावणे हे आप्पांचे काम मी पुढे पाच वर्षे जवळून पाहिले. देवळाच्या मंडपात परात ठेवून ती काठोकाठ भरायची. पाणी स्थिर झाले की एक डोळा मिटून, पाण्याच्या पातळीवरून समोरच्या काठीकडे पाहायचे. मग काठीपासून पुढे, टप्प्याटप्प्याने, बांधणाऱ्याच्या जागेपर्यंत. वारा असला तर आप्पा परात लावीत नसत. घाई करणाऱ्याला म्हणत, "पाणी गप बसू दे की. तुझ्यापेक्षा त्याला अक्कल हाय." मला नीट दिसेना तेव्हा त्यांनी माझी मान दोन बोटांनी खाली दाबून धरली आणि पाणी दिसेपर्यंत सोडली नाही. हे काम मला शिकवताना ते एकदाही रागावले नाहीत.

रेघ सर्वांना सारखी, हे त्यांचे म्हणणे. चामड्याचे काम करणारी सात घरे नदीच्या अगदी काठाला होती. त्यांच्यासाठी कुणी कधी परात लावली नव्हती. आप्पांनी न बोलावता लावली आणि पाटलांकडे गेले. पाटील म्हणाले, "ती पिढ्यान्‌पिढ्या तिथंच हायती, आप्पा."

"पाण्याला बी तेवढ्याच पिढ्या ठाऊक हाय ती जागा," आप्पांनी उत्तर दिले. दोन हंगाम ते पाटलांच्या ओट्यावर जाऊन बसत राहिले. शेवटी गायरानाची कड मिळाली. तिथल्या सातही घरांचे खालचे तीन थर आप्पांनी स्वतःच्या हाताने घातले.

त्यांच्या मायेची गोष्ट तर गावात प्रत्येक जण सांगतो. वरच्या आळीतले आपले ऐसपैस घर त्यांनी धाकट्या भावाला, मल्लप्पांना, देऊन टाकले आणि स्वतः मल्लप्पांच्या खालच्या आळीतल्या दोन खणांच्या घरात राहायला गेले. मल्लप्पा पुढे वारले. भावजय गौराबाई मुलांसह अजून वरच्या घरात आहेत. 'भाऊ असावा तर असा,' असे म्हणत आम्ही मोठे झालो. या लेखाचा पहिला खर्डा मी केला तेव्हा हाच प्रसंग शेवटी घातला होता. तो खर्डा मी फाडला. का फाडला, ते आता लिहितो.

आप्पांच्या साठीनिमित्त हे पुस्तक काढावे आणि त्यांच्या नावाने गावात वाचनालयाची खोली बांधावी, असे गावकऱ्यांच्या समितीने ठरवले. शाळेचे गुरुजी अध्यक्ष झाले, मी चिटणीस झालो. विरूपाक्षशेटांनी देवळाजवळची आपली जागा फुकट दिली. आप्पांना आधी कळू द्यायचे नव्हते, म्हणून परात मीच लावली. आप्पा नेहमी मंडपातून लावत. मला वाटले, थेट पायरीवरच्या रेघेवरून धरले तर ते अधिक बिनचूक येईल. तीनदा धरले. जागा रेघेच्या वर सहा बोटे आली. आप्पांचा 'हातभर' मी सोडून दिला, कारण तो हट्ट आहे असे सारे गाव मानत होते आणि मीही मानत होतो. नकाशा काढला, दरख्वास्त लिहिली. तहसिलीतून इजाजत आली. चर खणून झाले आणि आम्ही आप्पांना पहिला दगड ठेवायला घेऊन आलो. वाजंत्री होती. गौराबाईंनी ओवाळले.

आप्पांनी चराकडे पाहिले. गळ्यातला हार काढून हातात घेतला. "परात कुणी लावली?"

"मी, आप्पा."

"कुठनं धरलीस?"

"पायरीवरनं. तीनदा."

"मंडपातनं का न्हाय? म्या कुठनं धरतो, बघितलंस न्हवं?"

"थेट रेघेवरनं बिनचूक येईल म्हणून..."

आप्पा चराच्या कडेला मातीत बसले. धोतर नवे होते. ते म्हणाले, "तुझं चुकलं न्हाय लेकरा. रेघच खोटी हाय."

विरूपाक्षशेट हसले. "साठी लागली म्हणून लगेच असं व्हय आप्पा! इजाजत आलीया. शिक्का हाय त्याच्यावर."

"पाणी काय शिक्का बघून थांबतंय, शेट?" आप्पा म्हणाले. "ती पायरी खचली हुती तवा म्याच नवी बसवली. रेघेचा दगड येक थर खाली बसवला. जाणूनबुजून."

वाजंत्री वाजवणाऱ्याने सनई तोंडापासून बाजूला घेतली.

मग आप्पांनीच सगळे सांगितले. मल्लप्पांनी रेघेखाली घर बांधले होते. पंचांनी ते पाडायला सांगितले. गौराबाई तेव्हा बाळंतीण होत्या. मल्लप्पा भावाच्या पायावर डोके ठेवून रडले. पायरीचे काम नेमके त्याच आठवड्यात आप्पांकडे होते. दगड एक थर खाली गेला, पंच पुन्हा पाहायला आले आणि घर रेघेच्या वर निघाले. "पाणी मातर तिथंच येणार हुतं," आप्पा म्हणाले. "म्हून पावसाच्या आधी त्यांला वर धाडलं अन् म्या खाली आलो. खऱ्या रेघेची खूण मंडपातल्या खिळ्यावर हाय."

मी परात घेऊन मंडपात पळालो. मंडपाच्या खांबाला तांब्याचा एक खिळा आहे. बेलाची माळ अडकवायला तो ठोकला असावा, असे आम्हांला वाटत असे. दगड खाली बसवण्याच्या आदल्या दिवशी आप्पांनी खऱ्या रेघेच्या पातळीवर तो ठोकून ठेवला होता. मी परात भरली, पाणी थांबेपर्यंत श्वास धरला आणि पाहिले. पायरीवरची रेघ खिळ्यापेक्षा बरोबर एक हात खाली होती. पुन्हा पाहिले. तेवढीच. ज्या 'हातभरा'साठी गावाने या माणसाला शिव्या दिल्या, माझ्या वडिलांनी अबोला धरला, तो हातभर हाच होता. घरामागून घर ते खऱ्या पातळीवर बांधून घेत होते आणि शिव्या खात होते.

मी परत आलो तेव्हा गौराबाई आप्पांसमोर उभ्या होत्या. ओवाळणीचे ताट हातात तसेच होते. "भावजी," त्या म्हणाल्या, "मला वाटलं लहान भावावर लई जीव, म्हून घर दिलं. गावभर सांगितलं की वो मी! अन् तुम्ही इतकी वर्सं तिथं... पाणी आलं असतं तर?"

"आलं न्हाय न्हवं?" आप्पा म्हणाले. त्यांना गौराबाईंकडे वर पाहवेना.

त्या संध्याकाळी गुरुजींनी मला बाजूला घेतले आणि हा भाग लेखात घालू नकोस म्हणाले. मला तेच हवे होते, हे कबूल करतो. आम्ही दोघे आप्पांकडे गेलो. गुरुजी म्हणाले, "आप्पा, गौरवाच्या पुस्तकात असलं कुणी छापतं का? झालं गेलं. कुणाचं काही वाईट तर झालं नाही."

"ब्याड, गुरुजी," आप्पांनी हात हलवला. 'नको' म्हणायचे असले की त्यांच्या तोंडी कानडी येते. "ह्या पोरानं तीनदा मोजलं तरी चुकलं. म्या मेल्यावर परात हाच लावणार. पायरीवरनं लावील अन् गाव खाली सरकंल. लिवायचं तर हे लिवा, न्हायतर माझं पान कोरं सोडा."

तोवर मला वाटत होते की प्रश्न आप्पांच्या नावाचा आहे. माझ्या हातून पुढे बांधल्या जाणाऱ्या घरांचा विचार मी केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी स्वतःचे घर उतरवायला घेतले. पंचांनी सांगितले नव्हते. पाटील स्वतः येऊन म्हणाले, "राहू द्या आप्पा, तुमच्यापुरतं चालंल." आप्पांनी त्यांना विचारले, "चामड्याचं काम करणाऱ्यांला चाललं असतं का?" पाटील गेले. तिसऱ्या दिवशी गायरानावरच्या सात घरांतली माणसे पहारी घेऊन आली. चौथ्या दिवशी माझे वडील आले. दिवसभर दगड वाहिले, आप्पांशी एक शब्द बोलले नाहीत. निघताना समितीच्या लोकांना एवढेच म्हणाले, "वाचनालय आमच्या अंगणात बांधा. हातभर वर हाय. मला पक्कं ठाऊक हाय." त्या चार दिवसांत आप्पा पहिल्यांदा हसले.

आता पायरीचा दगड एक थर वर, खऱ्या जागी बसला आहे. तो बसवताना परात माझ्याकडे होती आणि आप्पा माझ्या मागे उभे होते. मान दाबून धरायची गरज या वेळी पडली नाही. गौराबाईंनी वरच्या घराची पुढची खोली सारवून त्यांचे अंथरूण तिथे नेले आहे. वाचनालयाचे खालचे तीन थर आप्पा स्वतः घालत आहेत आणि चुना कालवणाऱ्याला रोज बोलणी बसत आहेत.

एवढ्या निर्मळ माणसाकडून असे काही घडले याचा धक्का मला अजून पचलेला नाही. आणि तेच त्यांनी भर सनईत, नव्या धोतरात मातीत बसून सांगावे, याचा धक्का त्याहून मोठा आहे. या दोन्हींसह आम्ही त्यांना वंदन करतो. त्यांचे गुडघे धड राहोत, डोळ्यांना परातीतले पाणी असेच स्पष्ट दिसत राहो. महादेवाने त्यांना शंभर वर्षांचे आयुष्य द्यावे, आणि त्याच्यावर हातभर.