सबनीस डॉक्टर आणि गुळगुळीत चेहरा

सबनीस डॉक्टर हनुवटीखाली दोन बोटं घालून समोरच्याची मान वर करत. परवानगी वगैरे काही नाही. "वर बघ. आधी बघायचं, मग बोलायचं." इंग्लंडात, लेस्टरच्या हॉस्पिटलात त्यांनी तीस वर्षं लोकांचे पुरळ आणि चट्टे तपासले. निवृत्त झाल्यावर तीच बोटं ते तासाभरावरच्या एका जुन्या कॅथीड्रलमध्ये वापरू लागले. दर शनिवारी छातीवर गाइडचा बिल्ला आणि गळ्यात दुर्बीण. तिथल्या गाइडांमध्ये आपल्यातले ते एकटेच. ते गेले तेव्हा आमच्या मराठी मंडळाने अंकासाठी माझ्याकडे चार चांगले शब्द मागितले. माझ्याकडे तेवढे नव्हते. जे आहेत ते हे.

माझ्या बाबांच्या गराजमध्ये गाडी कधी मावली नाही, कारण तिथे पत्रकांचे गठ्ठे असत. वंशद्वेषाविरुद्धची, संपाची, बंद पडणाऱ्या लायब्ररीची. वाचता येण्याआधी मला पत्रकाची घडी घालता येत होती. डॉक्टर घरी आले की गठ्ठ्यांकडे बघून म्हणत, "आवाज जरा खाली ठेवावा रे. आपण पाहुणे आहोत इथे." बाबा हसून सोडून देत. मी सोडत नसे.

इराक युद्धाविरुद्धच्या मोर्चांचे दिवस होते. मी युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला होते. मंडळाची कोच ट्रिप त्या कॅथीड्रलला गेली आणि डॉक्टर आम्हाला रंगीत काचांच्या खिडक्या दाखवत होते. मध्ययुगातल्या काचा, शिशाच्या पट्ट्यांत जोडलेल्या. दक्षिणेकडच्या एका खिडकीत ख्रिस्ताला फटके मारणारा माणूस होता. टोकदार टोपी आणि पोपटाच्या चोचीसारखं नाक.

"डॉक्टर, ह्या एकट्याचंच नाक असं कसं हो?" काळेकाकूंनी विचारलं.

"उन्हाने काच वाकते, वहिनी. चला, पुढे चला."

मला हसू आलं नाही. अशी टोपी, असं नाक म्हणजे ज्यू माणसाची ठरलेली विटंबना, आणि ते मी तिथेच मोठ्याने सांगितलं.

"हळू बोल," डॉक्टर दात आवळून म्हणाले. "पाहुण्यांनी यजमानाच्या भिंतीला नावं ठेवू नयेत."

"मी लेस्टरमध्ये जन्मले, काका. पाहुणे तुम्ही असाल."

परतीच्या प्रवासात चिवड्याचा डबा अख्ख्या कोचमध्ये फिरला. माझ्या सीटपाशी थांबला नाही.

पुढच्या शनिवारी मी पत्रक छापून कॅथीड्रलच्या दारात उभी राहिले. मथळा होता, 'आठशे वर्षांचं विष'. त्यात मध्ययुगातल्या पाद्र्यांना आणि कारागिरांना मी सोलून काढलं होतं. डॉक्टर बाहेर आले, माझ्या हातातलं एक पत्रक घेतलं आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं.

"चूक आहे," ते म्हणाले.

"काय चूक आहे?"

उत्तर यायच्या आत कॅथीड्रलचा एक माणूस मागून आला. "डॉक्टर, ही मुलगी तुमच्याबरोबर आहे का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "मी ओळखत नाही हिला."

माझ्या कांजिण्यांना ह्या माणसाने स्वतःच्या हाताने कॅलामाइन लावलं होतं.

चूक काय ते दोन आठवड्यांनी कळलं. कॅथीड्रलमध्ये काचांची दुरुस्ती करणाऱ्या बाईंचं स्थानिक पेपरात पत्र आलं. त्या माणसाचं अंग जुनं आहे, पण चेहरा मध्ययुगातला नाहीच. मूळ डोकं फुटल्यावर राणी व्हिक्टोरियाच्या काळात तो नव्याने बनवून बसवला होता. माझं पत्रक चार ओळींत निकालात निघालं. नाकाबद्दल मग कोणीच बोललं नाही.

मी तडक डॉक्टरांच्या घरी गेले. "तुम्हाला माहीत होतं."

"अर्थात. जुन्या काचेला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. त्याच्या अंगभर आहेत आणि चेहरा गुळगुळीत. दुर्बिणीतून स्वच्छ दिसतं. तू दुर्बीण मागितली नाहीस."

"आणि काळेकाकूंना तुम्ही काय सांगितलंत? उन्हाने वाकते?"

त्यांनी टेबलावरचा गाइडचा बिल्ला उचलला. "तीस वर्षांत किती पेशंटनी मला अंगाला हात लावू दिला नाही, माहितीये? गोरा डॉक्टर मागायचे. कॅथीड्रलमध्ये दारातच लोक मला नावाने हाक मारतात. मला तेवढं हवंय."

"त्यासाठी खोटं बोललात?"

"हो. त्यासाठी."

मला त्यांची दया आली नाही. आजही येत नाही.

पण त्याच आठवड्यात मी दुर्बीण विकत घेतली. खिडकीखाली तासभर मान वर करून उभी राहिले आणि मग पत्रक नव्याने लिहिलं. हा चेहरा अडाणी काळातला नाही. ज्या काळाला स्वतःच्या सुधारणेचा अभिमान होता, त्या काळाने तो विचार करून बसवला आणि आपण अजून त्याच्याखालून मुकाट्याने पुढे जातो. पहिली प्रत डॉक्टरांना नेऊन दिली.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. "आता बरोबर आहे," म्हणाले. मग घडी घालून प्रत माझ्या हातात परत दिली.

"ठेवा ना, काका. तुमच्यासाठीच आणलीये."

"नको." त्यांनी दार उघडून धरलं. "उद्या शनिवार आहे. मला बिल्ला लावायचाय."