मॅचला आलेला पाव्हणा

अक्का गेल्यानंतर दाजींचं पहिलं पत्र आलं ते फुटबॉलचं. साधं पोस्टकार्ड. ‘यंदाची मॅच आमच्याकडं, संक्रांतीनंतरच्या रविवारी. येणार, का भ्यालासा?’ खाली सही. बाकी क्षेमकुशलसुद्धा नाही.

कार्ड आबांच्या हातात पडलं. त्यांनी ते आईला वाचून दाखवलं आणि माझ्यापुढं टाकलं.

“बायको जाऊन सा म्हैनं न्हाई झालं, आन ह्येला चेंडू सुचतोय व्हय?”

आई चुलीपुढून उठली नाही. मी कार्ड खिशात घालून कचेरीत गेलो.

अक्का माझी थोरली बहीण. सांगलीला, विश्रामबागेत दिली होती. श्रावणात कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत ती गेली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दाजी तिथल्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून होते. पहिल्या दिवाळीला आमच्याकडं साताऱ्याला आले तेव्हा ह्या मितभाषी जावयाशी काय बोलायचं, हा मला प्रश्नच पडला होता. जेवणं झाल्यावर त्यांनीच विचारलं, “पाव्हणं, हितं फुटबॉल खेळतं का वो कोण?”

आमच्या भागात माणूस कुस्तीवर तासन् तास बोलेल. फुटबॉलचं विचारणारा मला पहिल्यांदाच भेटला. आमच्या टीममध्ये निम्मे रिटायर्ड फौजी, पलटणीत खेळ शिकलेले. त्यांच्या टीममध्ये कॉलेजची पोरं आणि हळदीच्या वखारीत काम करणारे दोघे-तिघे. दर हिवाळ्यात दोन्ही टीमची एक मॅच व्हायची, एका वर्षी साताऱ्यात, एका वर्षी सांगलीत. आम्ही दोघंही कधी खेळलो नाही. नुसते ओरडणारे. पण त्या दिवाळीपासून आम्ही एकमेकांचे झालो ते त्या ओरडण्यामुळंच.

सांगलीत मॅच असली की मी सकाळच्या एस.टी.नं जायचो. दाजींच्या घरापुढच्या कट्ट्यावर त्यांचे तीन-चार दोस्त माझी वाटच बघत बसलेले असायचे. त्यात एक सायकल दुकानवाला होता, जाडजूड आणि तोंडाचा फटकळ. मी गल्लीत शिरलो की तो लांबूनच ओरडायचा, “आलं, पेन्शनरांचं वऱ्हाड आलं! गोलकीपरला वाकता येतंय का रं अजून?”

“वाकायची गरजच न्हाई,” मी म्हणायचो, “तुमची पोरं गोलपतुर पोचत्यातच कुठं? हळद मात्र आणून ठिवा वखारीतली, गुडघ्याला लागंल.”

“आन पेढं आणल्यात का? हरल्यावर वाटायला?”

हे तासभर चालायचं. शेवटी कुणीतरी दारात उभ्या असलेल्या अक्काला विचारायचं, “वैनी, तुमी कुणाच्या? सासरच्या का म्हायेरच्या?” अक्का चहाचा ट्रे कट्ट्यावर ठेवत म्हणायची, “मी त्या शिट्टीवाल्याची. त्या बिचाऱ्याला कुणी च्या तरी इचारतं का?” सगळे हसायचे, दाजी सगळ्यांत जास्त.

आता त्या कट्ट्यावर जायचं माझ्या जिवावर आलं होतं. शनिवारपर्यंत माझं ठरत नव्हतं. रविवारी पहाटे आईनं न विचारता डबा भरून दिला. आबा तोंड फिरवून पडून होते. मी निघालो.

गल्लीत शिरलो तर कट्ट्यावर तीच माणसं होती, पण कुणी ओरडलं नाही. सायकलवाला उठून पुढं आला, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, “प्रवास बरा झाला न्हवं?” मला ते फार जड गेलं. त्यापेक्षा त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

दाजी आतून आले. निम्मे झाले होते. गालफडं बसली होती, शर्टाचं एक बटण तुटलेलं. सगळ्यांकडं बघून म्हणाले, “आरं, मुकं झालासा का? सातारकर आलाय. बोला की!”

मग स्वतःच, जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले, “काय पाव्हणं, पेन्शनरांनी काठ्या आणल्यात का सोबत?”

त्यांनी एवढ्या लांबून मला बोलावलं होतं ते ह्यासाठीच, एवढं कळत होतं. मी म्हणालो, “काठ्या आणल्यात दाजी, पण तुमच्या पोरांना हाकायला.”

दोस्त एकदम हसले. सुटका झाल्यासारखे. मग नेहमीचं सुरू झालं. कोण वाकतो, कोण पडतो, कुणाला दम लागतो. सायकलवाला रंगात आला, मांडीवर थाप मारून म्हणाला, “ते काय न्हाई गड्या, वैनीलाच इचारू, यंदा कोण...”

आणि थांबला. दाराकडं गेलेला त्याचा हात तसाच राहिला.

दाजी खाली बघत होते. हळूच म्हणाले, “शिट्टीवाल्याची, म्हणली असती.” मग चप्पल पायात सारली. “चला. जागा मिळायची न्हाई.”

मॅच आम्ही जिंकलो, एक-शून्य. सांगलीत जिंकायची आमची ती पहिलीच वेळ. त्या गोलावर मी कितीतरी वर्षं ओरडायला टपलो होतो आणि त्या दिवशी माझ्या तोंडातून आवाजच निघाला नाही. शेजारी दाजी उभं राहून टाळ्या वाजवत होते. आमच्या गोलाला.

पोरं पांगल्यावर मैदानाच्या कडेला फक्कीच्या रेघेपाशी आम्ही दोघंच उरलो. दाजी रेघेकडं बघत म्हणाले, “घरची लय माग लागल्यात. मिरजंकडची पोरगी बघितलीया. मी अजून व्हय म्हणलं न्हाई.”

मी चपलेनं ती रेघ पुसत राहिलो.

“आबांना इचारायचं मला तोंड न्हाई. म्हणून तुमाला बोलवलं. एखादं पोर असतं तर त्येच्या निमित्तानं तरी तुमी आला-गेला असता. आता मॅचबिगर दुसरं काय हाय आपल्यात?”

त्यांना माझ्याकडून एक शब्द हवा होता. करा दाजी, एवढाच. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि अक्काच्या जागी दुसरं कुणी चहा घेऊन येताना मला दिसत होतं. मी म्हणालो, “बघा तुमचं तुमी.”

“व्हय,” दाजी म्हणाले. मला स्टँडवर सोडायला आले, एस.टी. सुटेपर्यंत थांबले.

त्यांनी लग्न केल्याचं आम्हाला तिसऱ्याकडूनच कळलं. पुढच्या वर्षी मॅच साताऱ्यात होती. बोलवायची पाळी माझी होती. मी कार्ड आणलं, पत्तासुद्धा लिहिला आणि टाकलं नाही. आबांना आवडणार नाही, असं स्वतःला सांगितलं. ते काही सगळं खरं नव्हतं. त्यानंतरच्या हिवाळ्यात सांगलीहूनही काही आलं नाही.

दोन वर्षांनी आबा गेले. दहाव्याला नदीवर माणसं जमली होती. भावकी पुढं, पाव्हणेरावळे त्यांच्यामागं, आणि सगळ्यांत शेवटी ओळखीपाळखीचे. त्या शेवटच्या घोळक्यात दाजी उभे होते. त्यांना कुणी कळवलं, मला आजवर माहीत नाही. मी बघितलं आणि पुढं व्हायला माझा पाय उचलेना.

आईनं बघितलं. तिनं पदर सावरला आणि सगळ्या भावकीसमोर मोठ्यानं म्हणाली, “आवं, तुमी तिकडं का हुबं? म्होरं या. लेक गेली म्हणून जावई बी गेला व्हय माझा?”

दाजी पुढं आले. आईच्या पाया पडताना ते असे रडायला लागले की भटजीबुवा मंत्र म्हणायचे थांबले.

दुपारी पंगतीत ते जावयाच्या जागी बसले, आईनं बसवलं. वाढायला मी होतो. त्यांच्यापुढं आलो तेव्हा त्यांनी पानावर हात आडवा धरला. मी तसाच उभा राहिलो. मागं पंगत खोळंबली होती. मग त्यांनी हात बाजूला घेतला, आणि मी वाढलं.