पोरीच्या हातातलं ताट

आमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, अन् माझी थोरली समुद्रावर संशोधन करती. लोकांना याची लई मजा वाटती. "पोरगी मासे धरती का ओ?" असं तोंडावर विचारणाऱ्या बायका आहेत आमच्यात. मी म्हणायची, "धरत नाय, अभ्यास करती." पुढं कशाचा ते मला सांगता यायचं नाय. फोनवर ती घाईघाईत सांगायची, खडकाला चिकटणारे शिंपले असतात, कालवं म्हणतात त्यांना, त्यांचं काहीतरी. तीन वर्षं मी नुसतं व्हय व्हय केलं.

मग तिच्या कोकणातल्या संशोधन केंद्रानं घरच्यांसाठी एक दिवस ठेवला. ज्यानं त्यानं आपलं काम आपल्या माणसांना दाखवायचं. आमच्या ह्यांनी शेंद्र्याच्या कंपनीत दोन दिवसांची रजा टाकली, अन् एसटीत हाडं खिळखिळी करून आम्ही कोकणात उतरलो. मला समुद्र बघायची हौस नव्हती. तिच्या टेबलापाशी उभं राहून, तिच्याच तोंडून, ती काय करती ते एकदा नीट ऐकायचं होतं. बास, एवढंच.

गेटावर पोचलो तर लेक तिथंच उभी. अंगावर पैठणी, केसात गजरा, हातात औक्षणाचं ताट. शेजारी तिच्यासारख्याच शिकलेल्या दोन पोरी, फुलांच्या परड्या घेऊन.

"अगं, तू इथं काय करती?"

"प्रमुख पाहुणे यायचेत, आई. आमचे केंद्राचे साहेब म्हणाले, तू पैठणकडची, पैठणी नेसून स्वागताला थांब."

"अन् तुझं टेबल?"

तिनं मान खाली घातली. "तिथं दुसऱ्याला उभं केलंय. पाहुणे गेले की येते मी. तुम्ही बघून घ्या तोवर."

आम्ही आत गेलो. तिच्या टेबलामागं नवीनच लागलेले एक गृहस्थ फळ्यावरचं जसंच्या तसं वाचून दाखवत होते. कुणीतरी विचारलं, "ही कालवं खडकाला चिकटायच्या आधी कुठं असतात?" गृहस्थ गडबडले. म्हणाले, "ते मॅडमनाच माहीत. मॅडम गेटावर आहेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमचे हे माझी बाही धरत होते, "जाऊ दे गं, आपण पाहुणे आहोत," पण मी साहेबांना गाठलंच. "साहेब, माझ्या पोरीचं काम दुसरा माणूस कसं काय सांगल?" ते हसले. म्हणाले, "अहो ताई, मुली पुढं असल्या की कार्यक्रमाला शोभा येते."

शोभा! दिवाळीला घरी आली तवा तिचे तळपाय बघितलेत मी. शिंपल्यांच्या धारेनं कापून चाळण झालेली. चिखलात गुडघाभर उभी राहून ती काम करती, ते काय शोभेसाठी? पीएचडी केली ती शोभेसाठी व्हय? अन् शोभाच पायजे होती तर साहेबानं स्वतः फेटा बांधून उभं राहावं की गेटावर, कुणी अडवलंय?

मला हे ताट ओळखीचं आहे, म्हणून जास्त चीड आली. मी अंगणवाडी सेविका. बावीस वर्षं झाली. सुपरवायझर आल्या, धर ताट. सभापती आले, धर ताट. तिकडं लेकरांची खिचडी करपली तरी साहेबाची गाडी येईपर्यंत हलायचं नाय. पोरीला एवढी लांब धाडली ती यातनं सुटावी म्हणून, अन् ती मला कुठं भेटावी तर ह्याच ताटामागं.

मी तशीच गेटावर गेले. "आण इकडं ते. मी धरते. तू जा टेबलावर."

"आई, साहेब रागवतील..."

"रागवू दे. शोभा पायजे ना त्यांना? मी काय वाईट दिसते का? जा म्हणते ना!"

तिनं ताट माझ्या हातात दिलं. मग निऱ्या मुठीत धरून जी पळत सुटली! त्या दोघींनाही मी म्हटलं, "तुम्ही पण जा गं, मी एकटी पुरते साऱ्यांना." त्यांनी परड्या माझ्या पायाशी ठेवल्या अन् हसत पळाल्या.

पाहुण्याचा दीड तास पत्ता नाय. तिकडचा तो खारा वारा निरांजन ठरू देईना, माझी अर्धी काडेपेटी संपली. शेवटी गाडी आली. मला बघून साहेबाचं तोंड एवढंसं झालं. मी पाहुण्याला ओवाळलं, अन् कपाळभर असं कुंकू फासलं की बिचारा रुमालानं पुसता पुसता बेजार झाला. त्याचा काय दोष म्हणा, पण माझा राग कुठंतरी निघायलाच पायजे होता.

तेवढ्यात आमचे हे आतनं आले. डोळे भरलेले. "अगं, काय सांगितलं पोरीनं! सगळी माणसं चिडीचूप. लोक पुन्हा पुन्हा विचारायले, अन् ती एकालाही अडली नाय."

"काय सांगितलं पण?" मी विचारलं.

ते बोलायला गेले अन् थांबले. डोकं खाजवलं. "मला नाय गं तसं सांगता यायचं. तू ऐकायला पायजे होतं."

आत टेबलं आवरायला सुरुवात झाली होती, अन् आमची परतीची गाडी चारची होती.