अक्काचं ओलं फडकं

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, चौथीनंतर शाळा सुटली. अक्षरही वाईट येतं, कारण उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. त्याबद्दल माफी असावी. हे कोणी वाचेल असं वाटत नाही. पण अक्का गेल्यापासून जो तो तिचं चांगलंच बोलतो आहे आणि मला चारचौघांत सगळं सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. पेणला तिची पोह्याची भट्टी. ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोह्याला घरी पापड लाटत होते. फोन ठेवला आणि उरलेलं पीठ लाटून संपवलं. रडू आलं नाही... आणायचा प्रयत्नही केला नाही.

लग्न होऊन आले ती थेट भट्टीवरच. भिजवलेलं भात, म्हणजे सालासकट तांदूळ, गरम वाळूत भाजायचं, लांब लोखंडी झाऱ्याने उपसून चाळायचं आणि गरम आहे तोवर चेपायच्या मशीनमध्ये टाकायचं. निवलं की पोह्यांचा चुरा होतो, त्यामुळे हात थांबवता येत नाही. एका पावसाळ्यात झाऱ्याची लाकडी मूठ फुटली. मी अक्काला सांगितलं, दांडा भाजतो. ती सकाळी यायची, भट्टी नुकती पेटलेली असताना. दांडा हातात धरायची आणि हसायची. "कुठं तापलाय गो? माहेरी काय चांदीच्या चमच्यानं ढवळत होतीस?" बायाही हसायच्या. दांडा तेव्हा थंडच असायचा. आच लोखंडातून चालत येते. आधी वाळूतलं टोक तापतं, मग मधला भाग, आणि जेवणवेळेपर्यंत ती हातापाशी पोचते. लाकूड तिला अडवतं, लोखंड अडवत नाही. पण दुपारी दांडा धरून बघायला अक्का कधी आली नाही. तेव्हा ती पुढे पंख्याखाली बसून गिऱ्हाइकं बघायची.

मी दांड्याला कोरडं फडकं गुंडाळायचे. जाड घडी केली की निभायचं. एकदा फडक्याची कड जळली, तशी अक्का ओरडली, "भट्टी पेटवशील माझी! वल्लं करून धर." मलाही वाटलं, पाणी गार, हात गार राहील. पण कोरड्या कापडाच्या घडीत हवा असते, गोधडीत असते तशी, आणि ती आच लवकर पुढे सोडत नाही. कापड भिजलं की ती हवा जाते आणि दांड्याची आच पाण्यातून सरळ कातडीला भिडते. हे मला नंतर उमगलं. त्या दिवशी मोठी ऑर्डर होती, म्हणून अक्का स्वतः भट्टीपाशी उभी होती. मी भरलेला झारा उचलला आणि उकळतं पाणी मुठीत धरल्यासारखं झालं. मी किंचाळले.

"सोडू नको गो! भात सांडलं तर बघ!"

मी सोडला नाही. चाळणीपर्यंत नेला... फडकं काढलं तेव्हा त्याबरोबर तळव्याची कातडी आली.

डॉक्टरचे पैसे अक्काने भरले आणि माझ्या नावावर उधार धरले. सगळ्यांना सांगितलं, "लक्ष नव्हतं तिचं, म्हणून भाजली. तरी खर्च मीच केला." पुढे नवऱ्याला कंपनीत काम लागलं आणि आम्ही रोह्याला आलो. पापडांच्या मजुरीतून मी थोडे थोडे पाठवत राहिले. दिवाळीला गेले की अक्का भरल्या घरात विचारायची, "काय गो, हात तर बरा झाला, पैसे कधी?" ते फेडून तिच्या बोलण्यातून सुटायचं, एवढंच मला हवं होतं. त्याआधीच ती गेली.

तेराव्याला पेणला गेले. मंडपात कोणीतरी म्हणालं, अक्काने किती बायांच्या हाताला काम दिलं. मी माझा हात पदराखाली घेतला आणि उठून मागे भट्टीवर गेले. झारा तोच होता, पण त्याला लाकडी मूठ होती, धरून धरून काळी गुळगुळीत झालेली. अक्काचा मुलगा नितीन मागोमाग आला.

"ही कधी बसवली रे?"

"तू हात भाजून घरी बसलीस ना, त्याच आठवड्यात. नवी बाई बोलली, मुठीशिवाय हात लावणार नाय. आईनं लगेच सुतार बोलावला."

लगेच... म्हणजे तिला कळलं होतं. कळूनही दर दिवाळीला ती माझं लक्ष नव्हतं असंच सांगत राहिली. गेलेल्या माणसाला वाईट बोलू नये म्हणतात. मला ती वाईटच वाटते, मेल्यावरही.

नितीन घुटमळला. "काकी, आई सांगून गेलीय... ते डॉक्टरचे थोडे राहिलेत."

"आणलेत. पण इथं नाय, बाहेर मंडपात घे."

मंडपात पानं वाढली होती. मी पैसे त्याच्या हातावर ठेवले आणि म्हटलं, "मोज." ते पुढच्या पंगतीला ऐकू गेलं असावं, कारण माणसं जेवायची थांबली. तो मोजत असताना मी म्हटलं, "दांडा तापलेला होता. माझं लक्ष होतं."

नितीनने नोटा खिशात घातल्या.

"सगळे फिटले, काकी."

"माझ्याकडचे फिटले," मी म्हटलं आणि चपला घातल्या.